फळाबाईचा मुलगा

११ जानेवारी

बाळा,

पत्र बघून कपाळाला आठी घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज वाचतोस की बोटाने वर सरकवून देतोस हे मला इथून दिसत नाही. पत्राचं तसं नसतं. ते दारात येऊन पडतं. फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढं झालं तरी निम्मं काम झालं.

आम्ही बरे आहोत. माझे डोळे सुईत दोरा ओवण्यापुरते उरलेत. बाकीचं जग धूसर दिसतं, पण या वयात ते तसंच बरं. दुकान सोडलं, मशीन घरी आणून पुढच्या खोलीत खिडकीखाली मांडलं. नर्सबाईंचे गणवेश मात्र अजून माझ्याकडेच येतात. नव्या मुलींना खिसे खोल लागतात. परवा एक जण म्हणाली, "मास्तर, खिसा असा द्या की अख्खी मेट्रन आत बसली पाहिजे." म्हटलं, कापड तू आण, मेट्रनचं माप मी घेतो. हसत हसत गेली. तू इथे असतास तर म्हणाला असतास, बाबा, गिऱ्हाइकांशी कमी बोला. दुसरं बोलायला घरात आहे कोण?

तसं तुझी आई आहे. पण ती पेपर वाचायला लाल पेन घेऊन बसते. कुठे नवा दवाखाना उघडल्याची बातमी आली की खाली लिहिते, "माणसं किती?" मग पेपर रद्दीत जातो, रद्दीतून माझ्याकडे येतो आणि मी त्याच्यावर बाहीचं माप कापतो. तिच्या प्रश्नांच्या बाह्या घालून किती लोक गावात हिंडत असतील देव जाणे.

तिची तब्येत ठीक आहे. खाणं जरा कमी झालंय, एवढंच. तिचे कपडे मी पावसाळ्यात शिवणीतून आत घेतले होते. आता परत घेतले.

नातीसाठी फ्रॉक पाठवलाय. माप अंदाजाने धरलंय. मुलं कशी वाढतात ते मला ठाऊक आहे, पण ती कशी वाढते ते मी पाहिलेलं नाही, म्हणून खाली दुमड जास्त ठेवली आहे. सूनबाईला म्हणावं, उसवून सोडत जा.

आणखी एक. तुझ्या आईला तुझ्याशी बोलायचं आहे. काय ते मला ठाऊक आहे, पण मी बोलायचं नाही असं तिने बजावलंय. "ते माझं सांगणं आहे, आणि तोंडावर सांगणं आहे. फोनवर नाही, पत्रात नाही, तुमच्या तोंडून तर नाहीच." तिला ओळखतोस तू. तेव्हा मी फक्त विचारतो: उन्हाळ्याच्या आत चार दिवस येऊन जाशील का?

बाबा


२ फेब्रुवारी

बाळा,

सूनबाईचा दोन ओळींचा निरोप आला. फ्रॉक पोचला, आखूड झाला, पत्र तू वाचलंस. तिसरी ओळ अशी, की नात विचारत होती, आजी काय काम करायची? सूनबाईला नीट सांगता आलं नाही म्हणे. तुला विचारलं तर तू उठून गेलास.

तर हे पत्र नातीला वाचून दाखव. नाही दाखवलंस तर तू वाच.

तिला सांग, दवाखान्यात औषधं पोचवणारे पुष्कळ असतात. तुझी आजी माणसं पोचवायची.

मी शिकलेला नाही. रद्दीवर मापं कापता कापता अक्षरं जुळवायला लागलो, एवढंच माझं शिक्षण. तिच्या खात्याला मोठं नाव होतं, आरोग्य मनुष्यबळ की काहीसं. मला कळलं ते असं: शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका खाटेभोवती दोन डॉक्टर, आणि घाटापलीकडच्या दवाखान्यात दोन मजल्यांना मिळून एक नर्स. ज्याचा मामा वर बसलेला, त्याची बदली शहरात. जिला मामा नाही ती 'पलीकडे', आणि तिथेच तिचे केस पांढरे. सगळे जण त्या गावांना नावाने हाक न मारता नुसतं 'पलीकडे' म्हणायचे, म्हणजे बघ.

तुझ्या आईने काय केलं? एका बंद पडलेल्या शाळेतून फळा आणला. हातगाडीवर. त्याला काळा रंग मी दिला. निम्मा फळ्याला लागला, निम्मा मला. तू तेव्हा दुसरीत होतास आणि मला बघून रडला होतास. वर्षातून एकदा सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवायचं. रिकाम्या जागा फळ्यावर खडूने लिहायच्या. मग नावं वाचायची. जो सगळ्यांत जास्त काळ पलीकडे राहिला त्याचं नाव पहिलं. त्याने उठावं, फळ्यापाशी जावं, हव्या त्या जागेवर हात ठेवावा. ती जागा त्याची. आई पुसून टाकायची आणि पुढचं नाव. चिठ्ठी नाही, फोन नाही, मामा नाही. जे व्हायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

नाव वाचलं की ती थांबायची. गुडघे धरलेली एखादी म्हातारी नर्स मागच्या रांगेतून सावकाश उठून येईपर्यंत दुसरं नाव घ्यायची नाही. साहेब लोक घड्याळ बघायचे. ती म्हणायची, "आयुष्यभर ह्यांनी वाट बघितली. आता आपण बघू."

तेव्हापासून लोक तिला फळाबाई म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग मानाने.

बाकी गोष्टी तर किती. आयांना खुर्च्या मिळाल्याशिवाय बैठक सुरू करायची नाही, मग साहेब आळीपाळीने उभे राहिले तरी चालतील. तपासणीला गेली की औषधांचं कपाट नंतर. आधी नर्सेसच्या खोल्यांमागच्या बाथरूमला आतून कडी आहे का ते बघायची. "कडी नाही तिथे मुलगी टिकत नाही, आणि मुलगी टिकत नाही तिथे दवाखाना टिकत नाही." एकदा कडी नव्हती म्हणून स्वतः बाजारात जाऊन घेऊन आली. बसवायला मला नेलं. म्हटलं, अगं, मी शिंपी आहे, सुतार नव्हे. म्हणाली, "अहो, बटण लावता ना? ही बटणच आहे, जरा मोठी."

एवढं नातीला सांग. पुढचं तुझ्यासाठी आहे.

तू तिच्यावर रागावलास ते वावगं आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. तू पलीकडे गेलास, तक्रार केली नाहीस. दोन वर्षं एकट्याने तो दवाखाना ओढलास. मग तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच काज करत बसलो होतो. तू म्हणालास, "आई, दोन वर्षं झाली. हिचे दिवस भरत येतील. ह्या बैठकीत माझं नाव येईल ना?" आणि ती म्हणाली, "तुझा नंबर आला की नाव येईल." तू 'बरं' म्हणालास. बैठकीलाही तुला येता आलं नाही, कारण तू निघालास तर तिथे पेशंटला हात लावायला दुसरं कुणी नव्हतं. नाव आलं नाही.

पुढचं तुला मी काय सांगणार. तू सर्जन होतास, पण भूल देणारं कुणी नव्हतं. गाडी घाट उतरली तेव्हा सूनबाई वाचली, आणि तेवढ्यावरच समाधान माना असं सगळे म्हणाले. झबली मशीनच्या खणात आहेत. खण मी उघडत नाही.

शहरातल्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तू तिला म्हणालास, "नियम सांभाळलास ना? मग आता त्यालाच मुलगा म्हण." ती काही बोलली नाही. आजवर बोलली नाही. तू परदेशी गेलास तेव्हाही दारातच उभी राहिली.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो: त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती एकाच गोष्टीसाठी भांडली. सर्जन पाठवायचा तर सोबत भूल देणारा पाठवायचा. जोडीने, नाहीतर नाही. आज पलीकडे दोघं असतात. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. घर जळल्यावर विहीर खणली, एवढाच त्याचा अर्थ. पण पाणी लागलं.

ये बाळा. तिला बोलू दे.

बाबा


२६ फेब्रुवारी

बाळा,

सूनबाईने कळवलं, रजा मिळत नाही. तुझ्याकडेही माणसं कमी आहेत वाटतं. मी ते आईला सांगितलं. वाटलं, रागावेल. ती पडल्या पडल्या हसली. म्हणाली, "बरोबर आहे. कुणाची तरी जागा रिकामी होती म्हणून तर त्याला घेतलं त्यांनी. अहो, सगळ्या जगाला मिळून एकच पांघरूण आहे, आणि ते आखूड आहे. ह्याचं डोकं झाकलं की त्याचे पाय उघडे."

मी म्हटलं, मला दे, जोड लावून देतो. म्हणाली, "तेच करत होते हो आयुष्यभर."

'पडल्या पडल्या' असं माझ्या हातून लिहून गेलं. आता खोडत नाही. मागच्या दोन पत्रांत मी तुला जरा कमी सांगितलं. तू डॉक्टर आहेस. शिंप्याने दोनदा शिवण आत घेतली म्हटल्यावर तू ओळखलं असशील. मला तर टेपवरच कळलं होतं, रिपोर्ट यायच्या आधी. छाती, कंबर, दंड, सगळीकडून. ती म्हणाली, "टेप सैल धरलाय तुम्ही." मी म्हटलं, हो, सैल धरलाय. बायकोशी खोटं बोलायला चाळीस वर्षांनी शिकलो.

पोटात गाठ आहे. पसरली आहे. कापायची नाही असं तिने ठरवलं आणि डॉक्टरांनी मान डोलावली. तुला कळवायचं नाही असंही तिनेच ठरवलं होतं. "आजारी आई बघायला येईल तो माझं ऐकायला येणार नाही, सेवा करायला येईल. मला ऐकणारा हवाय." मी हो म्हणालो आणि आज तुला लिहितोय. होकार माझा होता, हात माझा ऐकत नाही.

रजा मागताना आई आजारी आहे म्हणून सांग. तेवढ्यावर तर कुणीही देईल.

बाबा


१९ मार्च

बाळा,

आठवडाभर दवाखान्यात होतो. आज घरी आणलं.

वॉर्डात एकच नर्स होती, पोरसवदा, सारखी धावणारी. तुझी आई तिला विचारते, "तुझी जोडीदार कुठे?" ती म्हणाली, "रजेवर." "मग बदली कोण?" "कुणी नाही." "लिहून दिलंस का वर?" मी आईचा हात दाबला. अगं, तू पेशंट आहेस, तपासणीला आलेली नाहीस. तर म्हणते कशी, "पेशंटइतकी चांगली तपासणी कोण करतं?"

नंतर ती मुलगी सलाइन बदलायला आली, तेव्हा आईने तिला खुर्चीवर बसायला लावलं. पाच मिनिटं. "मी वेदना होतात म्हणून ओरडत राहते, कुणी आलं तर तू माझ्यापाशी आहेस." आणि खरंच ओरडायला लागली. ती पोर तोंडावर हात धरून हसत बसली होती. थोड्या वेळाने मला कळलं की तुझी आई आता खोटं ओरडत नाहीये.

ती रोज विचारते, पत्राचं उत्तर आलं का. मी म्हणतो, टपाल हल्ली सावकाश येतं.

ये.

बाबा


२१ एप्रिल

बाळा,

सूनबाईने तिकिटाची तारीख कळवली, पुढच्या महिन्याची सहा. आईला सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "त्याआधी बैठक आहे ना?"

फळ्याची वर्षाची बैठक. तिला दर वर्षी बोलावतात, शेवटच्या रांगेत बसते आणि काही बोलत नाही. म्हटलं, कशाला जातेस, अंगात त्राण नाही. म्हणाली, "सहा तारखेचा काय भरवसा? मला नेऊन सोडा."

मी नवा पोशाख शिवला. टाके लांब घातले. पक्की शिवण घालायला हात धजला नाही.

तारीख अलीकडे घेता आली तर बघ.

बाबा


३० मे

बाळा,

त्या रात्री तुझा फोन आला. किती वर्षांनी. मला फक्त एवढंच सुचलं, "जेवलास का?" तू 'हो' म्हणालास. मला ठाऊक होतं की नव्हता जेवलास. मग तिकीट रद्द केलं म्हणालास, आता कशासाठी यायचं म्हणालास, आणि मी 'बरं' म्हटलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आणि खरं सांगू? मला भीती वाटत होती.

सहा तारखेला चार दिवस कमी पडले.

आता ती नाही, आणि तिचं सांगणं माझ्याकडे राहिलंय. 'तुमच्या तोंडून तर नाहीच' असं तिने म्हटलं होतं. महिनाभर मी विचार केला. सांगितलं तर तू तिला कधीच माफ करणार नाहीस, असं एकदा वाटायचं. नाही सांगितलं तर तू खोट्याच गोष्टीसाठी तिच्यावर रागावून राहशील, असं दुसऱ्यांदा वाटायचं. शेवटी ठरवलं, राग असलाच तर तो खऱ्या मापाचा असावा. उसन्या मापाचा कपडा आयुष्यभर काचतो.

त्या वर्षी तुझा नंबर आला होता.

डॉक्टरांच्या यादीत तू तिसरा होतास. तिने दोन नावं वाचली आणि तिसरं सोडून चौथं वाचलं.

हे तिने मला जानेवारीत सांगितलं, रिपोर्ट आल्यावर. बैठकीला आत जाताना दाराशी दोघं बोलत होते, "आता बघ, फळाबाईचा मुलगा कसा शहरात येतो ते." त्यांना ती दिसली नव्हती. ती आत गेली, फळ्यासमोर उभी राहिली, दोन नावं वाचली आणि तुझ्या नावापाशी तिची जीभ अडली. म्हणाली, "मी ठरवलं नव्हतं हो. जीभ पुढे गेली, आणि गेलेली जीभ मागे घ्यायची म्हणजे सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं, की थांबा, माझ्या मुलाचं राहिलं." तेवढं तिला म्हणवलं नाही. वाटलं, एक वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी पहिलं नाव त्याचंच.

वाढणारा आपला असला की पानात जास्त पडतं म्हणतात. इथे वाढणारी आपली, म्हणून पोरगाच उपाशी उठला.

नियम तिने तुझ्यासाठी मोडला नाही म्हणून तू रागावलास. तिने तो मोडला होता, बाळा. तुझ्या विरुद्ध मोडला होता.

आता बैठकीचं ऐक. मी मागे दाराशी उभा होतो. तिला दोघींनी धरून खुर्चीत बसवलं. नावं वाचायला सुरुवात होणार तेवढ्यात तिने हात वर केला. नवीन साहेब म्हणाले, "बोला ना, बाई." ती बसूनच बोलली, आवाज बारीक, पण खोली इतकी शांत की पंख्याची करकर ऐकू येत होती.

"मी त्याची वाट बघितली. तो पोचेल असं वाटत नाही. तेव्हा ज्यांच्यासमोर केलं त्यांच्यासमोर सांगते." आणि सांगितलं. तुझं नाव, तिसरा नंबर, सगळं. झाकपाक केली नाही. तुझ्या बाळाचंही सांगितलं. मग म्हणाली, "फळा सगळ्यांसमोर असतो तो चोरी होऊ नये म्हणून. मी सगळ्यांसमोर चोरी केली आणि कुणाला कळली नाही."

मग मागून एक बाई उठली. तू जिला मावशी म्हणायचास ती. पलीकडच्या दवाखान्यातली आया, जिने त्या दिवशी गाडीत सूनबाईचं डोकं मांडीवर धरलं होतं. आता पार वाकली आहे. ती रडतच म्हणाली, "बाई, आम्हाला माहीत होतं."

तुझी आई वळून बघायला लागली.

"पलीकडे कोण किती दिवस आहे ते आम्हाला नाही कळणार? तुम्ही त्याचं नाव गाळलंत तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघितलं. वाटलं, मायलेकांनी ठरवलं असेल. मी तर घरी जाऊन पोरांना सांगितलं, बाई असावी तर अशी, पोटचा मुलगासुद्धा मागं ठेवते. ऊर भरून आला होता आमचा. त्यात तुमचं लेकरू राहून गेलं, बाई. आम्ही कुणी उठलो नाही."

दोन-तीन जुन्या नर्सेसनी मान खाली घातली. एकीने डोळ्याला पदर लावला. साहेबांच्या हातात खडू होता, तो त्यांनी खाली ठेवला.

परत येताना गाडीत तुझी आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, पाणी देऊ का? म्हणाली, "अहो, मला वाटायचं की मी लपवलंय. आणि ते सगळे मला मान देत होते तो त्याचसाठी. फळ्यासाठी नाही. खुर्च्यांसाठी नाही. कडीसाठी नाही. त्याचं नाव वाचलं नाही म्हणून." थोड्या वेळाने म्हणाली, "कुणी एकीने जरी म्हटलं असतं, बाई, एक नाव राहिलं... मी वाचलं असतं हो."

मी तिला खूप काही म्हणू शकलो असतो. की खुर्च्या होत्या, कड्या होत्या, पलीकडे आज जोडी आहे, ते काही खोटं नाही. म्हटलंही. ती म्हणाली, "ते आहेच. पण त्याच्या तोंडावर ते सांगायचं नाही. त्याला वाटेल मी हिशोब मांडतेय." म्हणून तुलाही मी ते सांगत नाही. आधीच्या पत्रात लिहून बसलो, त्याला इलाज नाही.

शेवटचे दिवस तिला गुंगी असायची. एकदा मला नर्स समजून म्हणाली, "बस जरा." बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. लांब टाक्यांचा पोशाख अंगावर होता. उसवायची वेळ आली नाही.

तिने शेवटी काही निरोप ठेवला का, हे तू विचारणार नाहीस, पण मनात येईल. नाही ठेवला. तिला तोंडावरच सांगायचं होतं आणि ती शेवटपर्यंत त्याच्यावर ठाम होती. हट्टीच होती ती. तुझ्यात आहे तो हट्ट.

काल संध्याकाळी मी तो खण उघडला. झबली पिवळी पडली आहेत, पण शिवण शाबूत आहे. तुला पाठवत नाही. कधी कुणाला काय द्यायचं ते सूनबाई ठरवेल. पुन्हा खणात ठेवली, पण खण पूर्ण लावला नाही.

मग मशीनसमोर उभा राहिलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. कापायच्या टेबलावर माझा खडू पडला होता, तो हातात घेतला आणि तुझं नाव वाचलं. ती वाचायची तसं, आडनावासकट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. दुसऱ्याच्या नंतर, चौथ्याच्या आधी.

माझा आवाज कापरा झालाय, पण नाव नीट आलं.

आता तू इथे ये असं मी म्हणणार नाही. त्यात मी पाच पत्रं घालवली. नाव वाचलं की जागा ज्याची त्याने निवडायची, हा तिचा नियम होता. तू तिथेच राहिलास तर तीही जागाच आहे. तिथेही माणसं लागतात. नातीला घेऊन कधी आलास तर पुढची खोली तुमची. नाहीच आलास तर तिचं माप तेवढं पाठव, दोऱ्याला गाठ मारून.

घाई नाही. नाव वाचून झालंय आणि मी दुसरं नाव घेतलेलं नाही. म्हातारी नर्स मागच्या रांगेतून उठून येईपर्यंत ती जशी थांबायची, तसा मी थांबलोय.

बाबा